'झकास' आणि 'भिडू' टी-शर्टवर छापून विकलं तर केस होते का?

वरुड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यासमोर येतात संत्र्याच्या नर्सऱ्या. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, कलम तयार करायचं आणि गाड्या भरून परराज्यात पाठवायचं. म्हणजे गावात बसून लांबच्या गिऱ्हाईकाला माल विकणं इथं काही नवीन नाही.

आता समजा, याच गावातल्या एखाद्या पोट्ट्यानं कलमांऐवजी टी-शर्ट विकायचं ठरवलं. मोबाईलवर डिझाईन केलं, इन्स्टाग्रामवर पेज उघडलं, ऑर्डर आली की छापून कुरिअरनं पाठवायचं. दुकानाचं भाडं नाही, माल भरून ठेवायची गरज नाही.

त्यानं चार डिझाईन काढले. पहिल्यावर अनिल कपूरचा चेहरा आणि खाली 'झकास'. दुसऱ्यावर जॅकी श्रॉफ आणि 'भिडू'. तिसऱ्यावर स्पायडर-मॅन. चौथ्यावर छत्रपती शिवाजी महाराज.

चारही डिझाईन हमखास खपणारे. पण चारही डिझाईन कायद्यात अडकणारे. कसे, ते एकेक करून बघू.

'झकास' अनिल कपूरच्या मालकीचं झालं का?

२५ नोव्हेंबर २०२२ ला दिल्ली हायकोर्टानं अमिताभ बच्चन यांच्या बाजूनं एक आदेश दिला. त्यांचं नाव, चेहरा आणि आवाज परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई झाली. त्या सुनावणीत बच्चन यांच्या वकिलांनी जी उदाहरणं दिली, त्यात त्यांचा चेहरा छापलेले टी-शर्टही होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांना असाच आदेश मिळाला. त्यात 'झकास' हा शब्द आणि तो म्हणायची त्यांची पद्धत हाही मुद्दा होता. मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांचा नंबर लागला. त्यांच्या दाव्यात 'जॅकी', 'जग्गू दादा' आणि 'भिडू' ही नावं होती.

आता कोणीही विचारेल, झकास आणि भिडू हे तर आपले बोलण्यातले शब्द. ते एका माणसाचे कसे झाले?

तर 'झकास' बोलायला कोणी बंदी घातलेली नाही. मुद्दा आहे ओळखीचा. शब्द, चेहरा, मिशी, उभं राहायची स्टाईल हे सगळं एकत्र आलं आणि बघणाऱ्याला वाटलं की हा माल त्या नटाचाच आहे, की अडचण सुरू होते. कारण मग गिऱ्हाईक टी-शर्टसोबत त्या नटाच्या नावाचेही पैसे देत असतं. चेहरा एआयनं काढला असला तरी फरक पडत नाही. कपूर यांच्या आदेशात एआयचाही उल्लेख आहे.

भारतात यासाठी वेगळा कायदा नाही. खासगीपणाचा हक्क, ट्रेडमार्क आणि कॉपीराइट यांच्या आधारानं कोर्टांनी हा हक्क उभा केला आहे. त्यामुळे त्याच्या सीमाही कोर्टच ठरवतंय. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टानंच एका ऑनलाईन क्रिकेट गेमच्या प्रकरणात सांगितलं की हा हक्क अमर्याद नाही. विडंबन, टीका, कला, बातमी यांना जागा आहे. जॅकी श्रॉफ यांच्या प्रकरणातही एका यूट्यूबरचा 'ठग लाईफ' व्हिडिओ कोर्टानं लगेच काढायला लावला नाही.

पण नुसता फोटो आणि डायलॉग छापून ४९९ रुपयांना विकणं म्हणजे विडंबन, असं कोर्टाला पटवणं अवघड आहे.

स्पायडर-मॅन छापला तर?

इथं विषय जास्त सरळ आहे. पात्राचं चित्र कॉपीराइटमध्ये येतं आणि नाव ट्रेडमार्कमध्ये. कपड्यांसाठी ट्रेडमार्कचा वर्ग २५ आहे आणि मोठ्या कंपन्या तो सहसा सोडत नाहीत.

मुंबईची 'द सोल्ड स्टोअर' २०१३ पासून याच धंद्यात आहे. ती सुपरहिरोंचे टी-शर्ट विकते, पण लायसन्स घेऊन. म्हणजे विक्रीतला ठरलेला वाटा पात्राच्या मालकाला द्यायचा. अशा करारात बहुतेक वेळा किमान रकमेची हमीही द्यावी लागते. महिन्याला ५० टी-शर्ट विकणाऱ्याला हे परवडत नाही, आणि म्हणूनच लहान दुकानदार न विचारता छापून मोकळे होतात.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं.

जुना सिनेमा आहे म्हणून सूट, असंही नाही. 'शोले' १९७५ चा. पण २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टानं 'शोले'चं नाव वेबसाईट आणि वस्तूंच्या विक्रीसाठी वापरणाऱ्यांना २५ लाख रुपये द्यायला लावले.

आणि शिवाजी महाराज?

हे फार कमी लोकांना माहीत असतं. बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला बंदी घालणारा १९५० चा एक केंद्रीय कायदा आहे. काही नावं आणि चित्रं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरता येत नाहीत. त्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि देशाचे पंतप्रधान आहेत. चित्राला ठरावीक अटींवर कॅलेंडरपुरती सूट आहे. टी-शर्टला अशी सूट नाही.

पण बाजारात तर सगळेच विकतात की!

विकतात. प्रत्येक स्टॉलवर कारवाई होत नाही, हेही खरं. पण ऑनलाईन विकणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे.

आठवडी बाजारातला टी-शर्ट मुंबईतल्या वकिलाला दिसत नाही. इन्स्टाग्रामवरचा टी-शर्ट एका सर्चमध्ये सापडतो. त्यात हे आदेश अनेकदा अनोळखी लोकांविरुद्धही असतात. परदेशात त्यांना 'जॉन डो' आदेश म्हणतात, आपल्याकडे 'अशोक कुमार' आदेश. म्हणजे दाव्यात तुमचं नाव नसलं तरी तुमची लिंक काढली जाऊ शकते.

लहान दुकानदाराला जेलच्या आधी गाठतो तो हाच फटका. तक्रार आली की प्लॅटफॉर्म आधी माल काढतो आणि मग विचारतो. पेज बंद, जमवलेले फॉलोअर गेले, छापून ठेवलेला माल अंगावर.

मग छापायचं काय?

यातही मोकळी जागा बरीच आहे.

- कॉपीराइट संपलेल्या गोष्टी: लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि सिनेमाला प्रदर्शनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा, त्याची मुदत कधीच संपली. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं लिखाण २०१० नंतर खुलं झालं. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ ला गेले. या हिशोबानं त्यांच्या ओळी २०२८ संपेपर्यंत परवानगीशिवाय छापता येत नाहीत.
- छोटे शब्द आणि वाक्यं: २०१५ मध्ये 'देसी बॉईज' सिनेमाच्या वादात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नसतो. पण ट्रेडमार्क असू शकतो. म्हणून छापण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाईटवर वर्ग २५ मध्ये तो शब्द शोधायचा. हे फुकट आहे.
- आपली बोली: वऱ्हाडीत 'काऊन बे', 'हाव ना', 'कायले' असे शब्द आहेत, ज्यांच्यासोबत कोणत्याच नटाचा चेहरा आठवत नाही. पुण्या-मुंबईत राहणारा वरुड-मोर्शीचा पोरगा ते बघून थांबतो.

जीएसटीचा घोळ

महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून, राज्यातल्या राज्यात मोठ्या प्लॅटफॉर्मवरून विकणाऱ्यालाही ही सवलत मिळाली. त्यासाठी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

पण शेंदूरजनाघाट आहे सीमेवर. पलीकडचं पांढुर्णा मध्य प्रदेशात. घराघरात मराठी, नातीगोती इकडची. तरी तिथं एक टी-शर्ट पाठवला की तो आंतरराज्य व्यवहार, आणि त्यासाठी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. गडचिरोलीला पाठवला तर लागत नाही. संत्र्याच्या कलमांना हा प्रश्न येत नाही, कारण जिवंत रोपांवर जीएसटी नाही. टी-शर्टवर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के.

हातात किती उरतात?

एक हिशोब मांडू. आकडे अंदाजे धरलेत.

टी-शर्ट ४९९ रुपयांना विकला. नोंदणी असेल तर त्यातले सुमारे २४ रुपये कर. कोरा टी-शर्ट आणि छपाई २३०. कुरिअर आणि पॅकिंग ८०. उरले १६५.

आता कॅश ऑन डिलिव्हरीच्या १० ऑर्डर गेल्या आणि ३ परत आल्या. सातांवर मिळाले १,१५५. परतलेल्या तिघांचा जाण्याचा ८० आणि येण्याचा ७० असा खर्च ४५०. उरले ७०५. ते तीन टी-शर्ट पुन्हा विकले गेले नाहीत तर आणखी ६९० गेले.

१० टी-शर्टमागे शिल्लक १५ रुपये. जाहिरातीचा खर्च यात धरलेलाच नाही.

म्हणून यात टिकणारे दुकानदार आधी पैसे भरणाऱ्याला सवलत देतात, साईजचा तक्ता इंचात देतात आणि ऑर्डर पाठवण्याआधी एक फोन करतात.

आणि म्हणूनच डिझाईनचा प्रश्न महत्त्वाचा आहे. इतक्या कमी नफ्यावर चालणारं दुकान वकिलाची एक नोटीसही झेपवू शकत नाही. अनिल कपूरचा चेहरा पहिल्या महिन्यात जास्त खपेल, यात वाद नाही. पण 'काऊन बे' लिहिलेला टी-शर्ट पाच वर्षांनीही विकता येईल, आणि त्यावर दावा सांगायला दिल्लीहून कोणी येण्याची शक्यता फार कमी आहे.