ओढ्याचे साक्षीदार

पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसलें म्हणजे तें स्वच्छच असतें, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. नदीचें नांव निघतांच आपण हात जोडतों. परंतु तिच्या तळाशीं कोण राहतें, याची विचारपूस सहसा करीत नाहीं. आमच्या मतें नदीची खरी परीक्षा तेथूनच सुरू झाली पाहिजे.

डोंगरांतील वाहत्या ओढ्यांतला एखादा गोटा अलगद उलटा करून पाहिला, तर त्यास चिकटून राहिलेले चपटे, सहा पायांचे लहान जीव दृष्टीस पडतात. त्यांपैकीं एकास इंग्रजींत स्टोनफ्लाय म्हणतात. सोईसाठीं आपण तिला दगडमाशी म्हणूं. जगांत तिच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती ज्ञात असून सह्याद्रीच्या ओढ्यांतही ती आढळते. पंख फुटल्यावर ती थोडेच दिवस जगते. तिचें बालपण मात्र पाण्यांत कित्येक महिने, आणि थंड प्रदेशांत दोन-तीन वर्षेंही चालतें. तिच्या पिल्लाची ओळख सोपी आहे: शेपटीस दोन धागे व प्रत्येक पायास दोन नख्या. शेजारीं राहणाऱ्या मेफ्लायच्या पिल्लास बहुधा तीन धागे व पायास एकच नखी असते.

या पिल्लास पाण्यांत विरघळलेला प्राणवायु भरपूर लागतो. २५ अंश सेल्सियस उष्णतेच्या स्वच्छ पाण्यांत दर लिटरास सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. सांडपाणी मिसळलें कीं तें कुजविणारे सूक्ष्म जंतु हा सांठा संपवूं लागतात. तेव्हां कांहीं जातींचीं पिल्लें, तालमींतील पोरांनीं जोर काढावे त्याप्रमाणें, अंग खालींवर करून कल्ल्यांभोंवतीं पाणी खेळवितात. तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर तीं मरतात किंवा प्रवाहाबरोबर निघून जातात. मग तेथें अल्प प्राणवायूवर भागविणाऱ्या लाल अळ्या व दोऱ्यासारखे कृमि यांचें राज्य होतें.

यावरूनच ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनीं नद्यांची एक गुणपत्रिका तयार केली. तींत दगडमाशीच्या पर्लिडी कुळास १० गुण, लाल अळ्यांच्या कुळास २ व कृमींस केवळ १ गुण मिळतो. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेंही तळच्या जीवांवरून पाण्याचे पांच वर्ग ठरविलेले आहेत.

कोणी म्हणेल, पाण्याची बाटली प्रयोगशाळेंत पाठविली म्हणजे काम झालें. किड्यांचें काय प्रयोजन? याचें उत्तर आपल्या वालधुनीनेंच दिलें आहे. ही नदी अंबरनाथनजीकच्या डोंगरांत उगम पावते, इ. स. १०६० च्या शिवमंदिराजवळून वाहते व उल्हासनगरमधून कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. २०१४ सालीं या नदींत टँकरमधून रसायन ओतलें गेलें आणि उल्हासनगरांतील शेंकडों रहिवाशांस विषारी वायूची बाधा झाली. रसायन घटकाभरांत ओततां येतें व वाहूनही जातें. आठ दिवसांनीं भरलेल्या बाटलींत त्याचा मागमूस कदाचित् लागणार नाहीं. बाटली एका क्षणाची साक्ष देते. दगडाखालचा जीव सबंध ऋतूची देतो. काल तेथें असलेलीं कुळें आज नाहींशीं झालीं असतील, तर रात्रीं कांहींतरी घडलें हें निश्चित.

मात्र साक्ष घेतांना न्यायबुद्धि हवी. कल्याणच्या खालीं संथ व भरती-ओहोटीच्या पाण्यांत दगडमाशी मुळांतच राहत नाहीं. तेथें ती न दिसणें हा प्रदूषणाचा पुरावा नव्हे. उन्हाळ्यांत आटणाऱ्या ओढ्यांचीही गोष्ट निराळी. म्हणून तुलना करावयाची ती एकाच ओढ्याच्या वरच्या व खालच्या अंगाची, आणि तीही एकाच ऋतूंत.

दुसरें असें कीं, ओढ्याच्या दोन्ही बाजूंस सिमेंटच्या भिंती बांधणें म्हणजे त्यास सुधारणें, हें मत आम्हांस मान्य नाहीं. काठचीं झाडें पानें टाकतात. कांहीं किडे तीं कुरतडतात. त्यांचा चुरा खालचे किडे वेंचतात. आणि या सर्वांवर मासे पोसतात. झाडें तोडलीं व गोटे काढले कीं ही पंगतच उठते. मग मागें उरतें तें गटार.

विद्यार्थ्यांस आमची सूचना एवढीच कीं, पावसाळा सरल्यावर शिक्षकांच्या देखरेखीखालीं येऊर किंवा मलंगगडच्या पायथ्याचा एखादा सुरक्षित ओढा निवडावा, दहा दगड उलटून पाहावे, दिसलेल्या जीवांची नोंद करावी, आणि जीव व दगड होते तसे परत ठेवावे. कारखान्याच्या सांडपाण्यांत मात्र कोणींही हात घालूं नये. पालकांनीं कपडे भिजल्याबद्दल रागावूं नये. उल्हास नदीचें पाणी कल्याण-डोंबिवलींतील घरोघरीं प्यालें जातें. तिला मिळणाऱ्या ओढ्यांची वही शाळेंत असणें हा छंद नसून नागरिकाचें कर्तव्य होय. अशी वही दहा वर्षें चालली, तर ओढा बिघडल्याची तक्रार करतांना आपल्या हातीं नुसता संताप नव्हे, पुरावा असेल.