सावघान, पुढे भविष्यकाळ आहे!

मंडळी, ओमानमधलं आमचं दुक्म म्हणजे एका बाजूला वाळवंट आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र. 2011 साली इथे विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झालं. मग बंदर आलं, ड्राय डॉक आला आणि 2024 मध्ये रिफायनरीचं उद्घाटनही झालं. त्यामुळे इथे ज्याला त्याला 'फ्यूचर' दाखवायची घाई!

परवा साइटवर एका कंत्राटदाराने नवे फलक लावले. इंग्रजी अक्षरं चौकोनी, कोपरे गोलसर, टोकांना जाड आडव्या पट्ट्या (टाइपवाले यांना सेरिफ म्हणतात). हिंदीही त्याच साच्यात कोंबलेलं आणि शिरोरेषा सरसकट सलग ओढलेली. एक बिहारी वेल्डर म्हणाला, "साहब, ये सावघान क्या होता है?" सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण पंपाच्या नंबरातला बी आणि 8 सुद्धा धुळीत लांबून एकसारखेच दिसत होते.

गंमत म्हणजे हा 'भविष्यकाळ' जुनाच आहे. जर्मनीच्या गेओर्ग ट्रुम्पने 'सिटी' हा असाच भौमितिक टाइप 1930 मध्ये केला. पॉल रँडने 1956 मध्ये आयबीएमचं बोधचिन्ह त्याच्याच आधाराने केलं. तीन ठळक अक्षरांच्या बोधचिन्हाला तो शोभतो. पण धोक्याची सूचना म्हणजे बोधचिन्ह नव्हे हो!

आणि देवनागरीत तर घ-ध, भ-म यांचा फरक शिरोरेषेच्या तुटण्यावर आणि एका गाठीवर उभा आहे. तोच पुसला की 'धोका'चा 'घोका' होतो. बसा पाठांतर करत!

कोणी म्हणेल, हा बाबा नव्याच्या विरोधात आहे. मुळीच नाही. 2014 चा 'पॉपिन्स' बघा. निनाद काळे यांनी त्यातली देवनागरी भौमितिकच काढली, पण त्यातला ध हा ध-च राहिला. आधी अक्षर समजून घ्यायचं, मग कंपास हातात घ्यायचा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीने पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान असू नयेत असं ठरलं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. छानच झालं. पण टेप लावून उंची मोजली म्हणजे मराठी झाली का? वाचता यायला नको? ते काम कायद्याचं नाही, पाटी करून घेणाऱ्याचं आहे. पैसे द्यायच्या आधी वीस पावलं मागे जाऊन मोठ्याने वाचा. अडखळलात तर पाटी परत करा.

शाळेत अक्षराला वळण नसलं की बाई पान पुन्हा लिहायला लावायच्या. लाखभर रुपयांच्या पाटीला मात्र सगळं माफ!

असो. आमचा फलक बदलून घेतोय. तुमच्या नाक्यावरचा तुम्ही बघा.