दुसऱ्याच्या खात्यातले गुण

बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर ‘असिस्ट’ नावाचा एक रकाना असतो. आपल्याकडे शाळेच्या ग्राउंडवर बास्केटबॉल खेळलेल्यांनाही तो धड आठवत नाही, कारण शाळेत आपण एकच गोष्ट मोजायचो, बास्केट कोणी टाकली. तर असिस्टचा फंडा असा : तुम्ही पास दिला, समोरच्यानं तो घेऊन थेट बास्केट केली, तर गुण त्याच्या नावावर आणि असिस्ट तुमच्या नावावर. पण त्याचा नेम चुकला तर? तुमचा पास कितीही सॉलिड असो, तुमच्या रकान्यात भोपळा. म्हणजे तुमच्या कामाची नोंद व्हायची की नाही, हे दुसऱ्याच्या हातात. ऐकल्यासारखं वाटतंय ना? अप्रेझलचा फॉर्म भरताना ‘टीमला सपोर्ट केला’ या ओळीपुढं काय आकडा लिहायचा, म्हणून पेन चावत बसलेली माणसं प्रत्येक ऑफिसात असतात.

बास्केटबॉलमध्ये मात्र या कामासाठी खास माणूस असतो. पॉइंट गार्ड. बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात बुटका. बॉल पुढं आणायचा, कोण कुठं पळतोय ते बघायचं, २४ सेकंदांच्या आत कोणीतरी शॉट घेतला पाहिजे याचं टेन्शन डोक्यावर ठेवायचं आणि नेमका मोकळा माणूस शोधून बॉल त्याच्या हातात द्यायचा. या जागेवर एनबीएमध्ये अठरा मोसम काढलेला, दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला आणि तरीही एकदासुद्धा फायनलपर्यंत न पोचलेला माणूस म्हणजे स्टीव्ह नॅश. माझं मत विचाराल तर गेल्या तीसेक वर्षांत नोकरदार माणसानं समजून घ्यावं असं करिअर खेळात याच्याइतकं दुसऱ्या कोणाचं नाही. जॉर्डनचं करिअर बघून आपण फक्त आ वासू शकतो. नॅशच्या बाबतीत निदान हिशेब तरी मांडता येतो.

जन्म १९७४चा, जोहान्सबर्गमध्ये. वाढला कॅनडाच्या पश्चिम टोकाला, व्हिक्टोरिया नावाच्या शहरात. घरात फुटबॉलचं वेड, हायस्कूलला येईपर्यंत याचाही मुख्य खेळ तोच. अमेरिकेतल्या कॉलेजांना त्याच्या खेळाच्या टेप्स पाठवल्या गेल्या. स्कॉलरशिप देऊ केली फक्त एकानं, कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा युनिव्हर्सिटीनं. तिथले कोच डिक डेव्ही त्याला बघायला आले आणि पठ्ठ्या इतका चांगला खेळत होता, की आता दुसरं कुठलं कॉलेज याला पळवणार या धास्तीनं तेच कासावीस झाले. सोबत हेही ऐकवलं, की तुझ्याइतका वाईट डिफेन्स मी आजवर पाहिलेला नाही. (हा डिफेन्सचा शेरा नॅशला शेवटपर्यंत चिकटला आणि तो खोटा नव्हता.) कॅम्पसमध्ये हा टेनिसचा बॉल ड्रिबल करत क्लासला जायचा. १९९३ मध्ये याच छोट्या कॉलेजनं एनसीएए स्पर्धेत बलाढ्य अॅरिझोनाला हरवून खळबळ उडवली.

१९९६ च्या ड्राफ्टमध्ये फिनिक्स सन्सनं त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतलं, तर फिनिक्सच्याच पब्लिकनं हुर्यो उडवली. कोण हा कॅनडाचा पोरगा? बरं, त्याच्या जागेवर केव्हिन जॉन्सन आधीपासून होता, मग जेसन किडही आला. नव्या कंपनीत जॉइन व्हावं आणि आपल्या खुर्चीवर दोन सीनिअर आधीच बसलेले दिसावेत, तसं. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याची डॅलस मॅव्हेरिक्सकडे रवानगी झाली. तिथं त्याच उन्हाळ्यात एक लांबलचक, लाजाळू जर्मन पोरगा आला होता, डर्क नोविट्स्की. दोघांची गट्टी जमली. पहिल्या मोसमात डॅलसच्या पब्लिकनंही नॅशला शिव्या घातल्या, पण पुढच्या पाच वर्षांत या दोघांनी त्या रडतखडत चाललेल्या टीमला दरवर्षी पन्नासहून जास्त मॅचेस जिंकणाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवलं.

आणि मग आला २००४चा उन्हाळा.

नॅशचा करार संपला होता. वय तीस. पाठीचं दुखणं जुनं. स्पॉन्डिलोलिस्थेसिस, म्हणजे कण्यातला एक मणका जागेवरून पुढं सरकलेला. मॅचमध्ये पाच-दहा मिनिटं विश्रांती मिळाली, की हा बाकावर न बसता सरळ कोर्टाच्या कडेला जमिनीवर आडवा व्हायचा, कारण बसलं की पाठ आखडायची. दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरलेल्यांनी हे दृश्य जरूर डोळ्यांसमोर आणावं. टीव्हीवर बघताना ते विनोदी वाटायचं, पण डॅलसचा मालक मार्क क्युबन ते हिशेबाच्या नजरेनं बघत होता. फिनिक्सनं सहा कोटी डॉलरच्या वरची ऑफर टेबलावर ठेवली. नॅश परत क्युबनकडे गेला : तेवढे देतोस का, मी इथंच राहतो. क्युबननं नकार दिला. त्याच उन्हाळ्यात डॅलसनं एरिक डॅम्पिअर नावाच्या सेंटरला घसघशीत करार दिला.

आता क्युबनला मूर्ख ठरवणं सोपं आहे आणि तसं हजारोंनी ठरवलंही. मला ते पटत नाही. तिशीचा गार्ड, सरकलेला मणका, पुढची सहा वर्षं. कुठल्याही एचआरवाल्यानं हेच गणित मांडलं असतं. गणित बरोबर होतं, फक्त त्यातली एक गोष्ट मोजली गेली नव्हती. या माणसाच्या असण्यानं बाकीचे चार जण किती चांगले खेळतात, याचा रकानाच त्या कागदावर नव्हता.

फिनिक्सनं २००३-०४ मध्ये ८२ पैकी २९ मॅचेस जिंकल्या होत्या. नॅश आल्यावर २००४-०५ मध्ये जिंकल्या ६२. कोच माईक डँटोनींचा मंत्र साधा होता : २४ सेकंद आहेत म्हणून सगळे वापरायलाच पाहिजेत असं नाही, सात सेकंदांच्या आत शॉट घ्या. समोरची टीम मागं येऊन उभी राहायच्या आत काम तमाम. पण एवढ्या घाईत दर वेळी बरोबर माणसाला बॉल मिळायला डोकं शांत असलेला एक गडी लागतो. नॅशची आणि अमारे स्टॉडमायरची जोडी बघाच. स्टॉडमायर येऊन नॅशच्या डिफेंडरची वाट अडवायचा, नॅश त्याला वळसा घालून निघायचा. आता दोन्ही डिफेंडर पेचात, नॅशला धरू की बास्केटकडे धावणाऱ्या स्टॉडमायरला? नॅश त्यांना आणखी अर्धा सेकंद गोंधळात ठेवायचा आणि बॉल कुठल्यातरी फटीतून निघून जायचा. बाकीचे कोपऱ्यांत उभे, थ्री-पॉइंटरला तयार. एका मोसमात स्टॉडमायरची सरासरी विसाच्या आसपासून २६ गुणांवर गेली. नशिबाचाही वाटा होता. त्याच मोसमापासून लीगनं बाहेरच्या खेळाडूला हात लावून रोखण्यावर कडक बंदी आणली आणि नॅशसारख्या किरकोळ अंगकाठीच्या गार्डला रान मोकळं झालं.

२००५चा एमव्हीपी पुरस्कार नॅशला मिळाला. मॅचमागं साडेपंधरा गुण आणि साडेअकरा असिस्ट. शकील ओनीलला थोडक्या मतांनी मागं टाकून. त्यावर तेव्हाही वाद झाला, आजही होतो. गोऱ्या कातडीचा फायदा झाला का, हा प्रश्नही उघडपणे विचारला गेला. पुढच्याच मोसमात कोबी ब्रायंट मॅचमागं ३५ गुण मारत होता, जानेवारी २००६ मध्ये त्यानं एका मॅचमध्ये ८१ ठोकले आणि तरी एमव्हीपी पुन्हा नॅशच. कोबीचे फॅन्स अजून चिडतात. चिडू देत. त्या मोसमात स्टॉडमायर गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं जवळजवळ पूर्ण बाहेर होता, जो जॉन्सन टीम सोडून गेला होता आणि त्याच्या बदल्यात अटलांटाहून बोरिस डिऑ नावाचा, तिथं जेमतेम पाच गुणांची सरासरी असलेला फ्रेंच खेळाडू आला होता. वर्षाअखेरीस तोच डिऑ तेरा गुणांच्या सरासरीनं लीगचा ‘सर्वाधिक सुधारणा झालेला खेळाडू’ ठरला. टीमनं ५४ मॅचेस जिंकल्या. नॅशचं खरं स्कोअरकार्ड बघायचं असेल, तर ते असं दुसऱ्यांच्या स्कोअरकार्डवर बघावं लागतं.

पण मला सगळ्यात मजेशीर वाटते ती २००५ची डॅलसविरुद्धची प्लेऑफ मालिका. जुनं ऑफिस विरुद्ध नवं ऑफिस. चौथ्या मॅचला डॅलसनं डोकं चालवलं : बाकीच्यांना घट्ट पकडा, नॅशला हवे तेवढे शॉट मारू द्या. यांनी त्याच्याबरोबर सहा वर्षं काढलेली, माणूस ओळखून होते. नॅशनं ४८ गुण मारले. असिस्ट फक्त पाच. फिनिक्स हरली. दुसरा कोणी असता तर ४८ गुणांच्या कात्रणाची फ्रेम करून घेतली असती. पुढच्या मॅचला नॅशनं शॉटही मारले आणि पासही दिले, ३४ गुण, १२ असिस्ट. सहाव्या मॅचला ३९ गुण, १२ असिस्ट. शेवटच्या क्षणी थ्री-पॉइंटर मारून मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये नेली आणि मालिका खिशात घातली. म्हणजे शॉट येत नाही म्हणून हा पास द्यायचा, असं अजिबात नव्हतं. मोसमभरात साधे शॉट ५० टक्के, थ्री-पॉइंटर ४० टक्के, फ्री थ्रो ९० टक्के, असा तिहेरी पराक्रम त्यानं चार वेळा केलाय. इतका नेम असलेल्या माणसानं पास द्यायचा म्हणजे काय, याचा विचार करा. आपल्याला हमखास जमणारं काम दुसऱ्याला अधिक चांगलं जमेल म्हणून सोडून द्यायला किती मन घट्ट करावं लागतं, हे प्रेझेंटेशनची शेवटची स्लाइड दुसऱ्याला बोलायला दिलेल्यालाच कळेल.

विजेतेपद मात्र हुकत राहिलं. २००६ मध्ये डॅलसनंच कॉन्फरन्स फायनलमध्ये वचपा काढला. २००७ मध्ये सॅन अँटोनिओविरुद्धच्या पहिल्याच मॅचला टोनी पार्करशी टक्कर होऊन नॅशचं नाक फुटलं, रक्त थांबेना आणि ऐन शेवटच्या मिनिटात त्याला बाहेर बसावं लागलं. चौथ्या मॅचला रॉबर्ट ऑरीनं त्याला धक्का देऊन स्कोअररच्या टेबलावर आदळलं. त्याच्यासाठी बाकावरून उठून धावले म्हणून स्टॉडमायर आणि डिऑ एका मॅचसाठी सस्पेंड. नियम म्हणजे नियम. फिनिक्स हरली. २०१० मध्ये सुजून मिटलेल्या डोळ्यानं खेळून त्याच सॅन अँटोनिओला चारीमुंड्या चीत केलं, पण पुढं लेकर्सनी अडवलं.

२०१२ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो त्याच लेकर्सकडे गेला. शेवटचा चान्स म्हणून. दुसऱ्याच मॅचला पायाचं हाड मोडलं आणि तिथून पाठीच्या नसांनी असा सूड घेतला, की २०१३-१४ मध्ये त्याला जेमतेम पंधरा मॅचेस खेळता आल्या. इथं तो काय बोलला ते ऐका. स्वतःवरच्या डॉक्युमेंटरी मालिकेत त्यानं कॅमेऱ्यापुढं सांगितलं, की मी आत्ता निवृत्त होणार नाही, कारण पुढच्या वर्षाचे पैसे मला हवेत. रक्कम होती ९७ लाख डॉलर. झालं! ज्या माणसाला जगानं निःस्वार्थीपणाचा पुतळा करून ठेवलं होतं, त्यानं पगाराचा विषय काढला म्हणून लोक खवळले. पुढच्या मोसमाआधीच तो वर्षभरासाठी बाद झाला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यानं गोल्फ खेळतानाचा व्हिडिओ टाकला, तेव्हा तर लेकर्सच्या फॅन्सनी त्याला फाडून खाल्लं. त्याला खुलासा लिहावा लागला : गोल्फ पाठीला चालतो, एनबीएचा वेग चालत नाही.

मला त्या पैशांच्या वाक्यात काही गैर वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. करार दोन्ही बाजूंनी शुद्धीत केलेला असतो. २००४ मध्ये डॅलसनं भावनेत न वाहता हिशेब केला, तेव्हा त्याला धंदा म्हणाले. २०१४ मध्ये नॅशनं हिशेब केला, तर त्याला लोभ म्हणाले. बॉल वाटून टाकणाऱ्यानं पगारही वाटून टाकावा, ही अपेक्षा कुठून येते कोण जाणे. येते मात्र हटकून, तुमच्या-आमच्या ऑफिसातसुद्धा. सगळ्यांना मदत करणाऱ्यानं इन्क्रिमेंटचं नाव काढलं, की अचानक केबिनमध्ये शांतता पसरते.

त्याची शेवटची मॅच ८ एप्रिल २०१४ ची, ह्यूस्टनविरुद्ध. बाकावरून आला, पाच असिस्ट दिले आणि दुखण्यामुळं परत बाहेर गेला. त्या पाचांमुळं एकूण आकडा १०,३३५ झाला. मार्क जॅक्सनच्या १०,३३४ पेक्षा बरोबर एक जास्त, आणि नॅश तेव्हाच्या सार्वकालिक यादीत तिसरा झाला. मार्च २०१५ मध्ये निवृत्तीचं पत्र लिहिलं. त्यात फिनिक्सला विजेतेपद देता आलं नाही याचं दुःख होतं आणि अजूनही एखादा डाव आठवतो, तो वेगळा खेळायला हवा होता असं वाटतं, हेही होतं. त्याचा मित्र नोविट्स्की तेव्हा डॅलसमध्येच खेळत होता, २०११चं विजेतेपद गाठीशी बांधून.