पोलादपूरमध्ये दडलेला ‘पॉप्युलर’

पोलादपूर हे नाव इंग्रजीत लिहिले की आठ लेटर होतात: पी, ओ, एल, ए, डी, पी, यू, आर. त्यातला डी बाजूला ठेवून उरलेल्या सातांची जुळवाजुळव केली, तर ‘पॉप्युलर’ हा शब्द नेमका बसतो. एक लेटर कमी पडत नाही की उरत नाही. सहा लेटरांचा शब्द हवा असेल तर ‘अपलोड’ आहे, पाचांचे ‘प्राउड’ आणि ‘पोलर’ आहेत, आणि चारांचे रोड, लोड, लाउड, ड्रॉप असे बरेच सापडतात. दिलेल्या लेटरांतून ठरावीक लांबीचे शब्द शोधण्याचा हा उद्योग वर्तमानपत्राच्या करमणुकीच्या पानावर नाहीतर मोबाइलवरच्या शब्दखेळांत अडकून पडला आहे. त्याची खरी गरज पोलादपूर-महाडच्या जिल्हा परिषद शाळांतल्या इंग्रजीच्या तासाला आहे. स्पेलिंग घोकण्यात जाणारा निम्मा वेळ या शोधाला दिला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जून 2000 पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. विषय लवकर सुरू झाला, पण रीत पुष्कळ वर्गांत जुनीच राहिली: शब्द फळ्यावर, त्याचे लेटर एका सुरात म्हणायचे आणि पाच वेळा वहीत उतरवायचे. मराठी मुलाला या रीतीतून फारसे काही मिळत नाही, कारण त्याची अडचण स्मरणशक्तीची नाहीच. त्याचा कान अक्षरे मोजायला शिकलेला असतो. पोलादपूर म्हणजे पो, ला, द, पू, र अशी पाच अक्षरे. बाराखडी पक्की असली की ऐकले तसे लिहिता येते. इंग्रजीत हा हिशेब कोलमडतो. ‘पॉप्युलर’ कानाला चार अक्षरांचा, लिहायला सात लेटरांचा. ‘थ्रू’ हे एकच जोडाक्षर, आणि त्यालाही सात लेटर. ‘आय’ म्हणजे मी असेल तर एक लेटर, ‘आय’ म्हणजे डोळा असेल तर तीन. उच्चार तोच, लांबी निराळी. हे गणित मुलाला कुणी उघड करून सांगत नाही, आणि मग ‘इंग्रजी आपल्याला जमणारच नाही’ असा त्याचा ग्रह होतो. तो ग्रह पुढे दहावीपर्यंत सुटत नाही, हे मला सर्वांत जास्त सलते.

लांबी आधी सांगून शब्द शोधायला लावले की नेमकी हीच गाठ सुटू लागते. ‘पाच लेटर, शेवटी डी’ असे म्हटल्यावर मुलाला ‘प्राउड’ नुसता आठवून भागत नाही, तो पाच घरांत बसवावा लागतो. बसवताना कळते की मधल्या ‘आउ’साठी ओ आणि यू अशी दोन घरे लागतात. लगेच ‘लाउड’मध्ये तीच जोडी दिसते. रोड आणि लोडमध्ये ओ-ए ही दुसरी जोडी सापडते. मग पाणी ओतण्याच्या ‘पोअर’मध्ये ओ-यू पुन्हा येतात, पण आवाज बदललेला असतो, आणि इंग्रजीचे नियम कुठपर्यंत चालतात हेही मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. पोलादपूरच्या स्पेलिंगमध्ये ई नाही. शेजारच्या कशेडीत आहे, आणि त्या एका ई मुळे सातच लेटरांतून डेस्क, शेक, शेड, साइड, हाइड, आयडिया असा ढीग निघतो. इंग्रजीत ई सर्वांत जास्त वेळा येतो. अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने 1930 च्या दशकातल्या मंदीत बेकार असताना वर्तमानपत्रांतली लेटर मोजली आणि त्यावरून ‘स्क्रॅबल’च्या 100 सोंगट्यांत ई ला 12 दिल्या, क्यू आणि झेडला एकेकच. अशी मोजणी चौथीतली मुलेही पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर करू शकतात, त्यासाठी पेन्सिल पुरते.

यावर पहिला आक्षेप असा की हा लेटरांचा खेळ झाला, भाषा नव्हे. अर्थ कळल्याशिवाय शब्द सापडून काय उपयोग? आक्षेप रास्त आहे, आणि त्यावर उपाय एका नियमाचा आहे: ज्याचा अर्थ मराठीत सांगता येईल किंवा जो वाक्यात वापरता येईल, तोच शब्द धरायचा. दुसरा आक्षेप मोबाइलचा. लेटर आणि लांबी टाकली की सगळी यादी क्षणात पडद्यावर येते, मग डोके का शिणवायचे? यादी शिक्षकाला तयारीसाठी जरूर उपयोगी आहे. मुलाला मात्र शब्द मिळण्यापेक्षा तो शोधताना केलेल्या दहा चुकीच्या जुळवण्या जास्त शिकवतात, आणि त्या यादीत नसतात. वेळ नाही, ही तिसरी तक्रार मी अधिक गंभीरपणे घेतो. डोंगरातल्या वाड्यांवर दोन शिक्षकांच्या शाळा असतात, एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. पण अशा वर्गाला साजेसा याहून सोपा पाठ मला तरी दिसत नाही. फळ्यावर ‘महाड’ लिहावे: धाकट्यांनी त्यातून हॅड, मॅड, डॅम, हॅम हे तीन लेटरांचे शब्द काढावेत. शेजारी ‘सावित्री’ लिहावे आणि मोठ्यांना पाच लेटरांचे ‘व्हिजिट’ आणि ‘स्टेअर’ शोधू द्यावेत. खडू एक, फळा एक, काम प्रत्येकाच्या कुवतीचे.

यात मराठी मागे पडेल, ही भीती मला पटत नाही. शेवटच्या अक्षरावरून पुढचे गाणे शोधायला लावणाऱ्या भेंड्या आपल्याच घरच्या आहेत, आणि मराठी शब्दकोडे काना-मात्रेसह पूर्ण अक्षराला एक घर देते. दोन्ही खेळ शेजारी खेळले तर दोन लिप्यांच्या मोजमापातला फरक मुलांना आपोआप उमगेल. आपला मुंगूस इंग्रजी शब्दकोशात आठ लेटरांचा होऊन बसला आहे आणि त्या आठांत तीन ओ आहेत, हेही त्यांना सांगावे. पोलादपूर आणि महाडच्या शिक्षकांना विनंती आहे: येत्या सत्रात आठवड्यातला एक तास या शोधाला द्या, आणि सुरुवात आपल्या शाळेच्या पाटीवरच्या गावाच्या नावापासून करा.