कुवेतचा दिनार आणि आपला भाबडेपणा

‘अल्लाहने मुसलमानांना तेल दिलंय, त्यांना कुणाची गरज नाही.’ हे वाक्य मी जुम्याच्या नमाजनंतरच्या गप्पांत ऐकतो, लग्नाच्या मांडवात ऐकतो आणि आता रील्समध्येही ऐकतो. पुराव्यासाठी नाव हमखास कुवेतचं. कुवेती दिनार जगातलं सर्वांत महागडं चलन आहे, मग पुढे बोलायचंच काय, असा आविर्भाव असतो. मला हे वाक्य साफ चुकीचं वाटतं. शिवाय ते आपल्या तरुणांना विचार न करण्याची सवय लावतं.

आधी दिनारचं बघू. जपानचा एक येन आपल्या एका रुपयापेक्षा स्वस्त आहे. म्हणून जपान आपल्यापेक्षा गरीब ठरतो का? नोटेवरच्या आकड्यावरून देशाची ताकद कळत नाही. तो देश काय विकतो आणि काय विकत घेतो, यावरून कळते.

कुवेतच्या निर्यातीतल्या दर १० दिनारांपैकी साधारण ९ दिनार तेलाचे आणि तेलापासून बनवलेल्या मालाचे असतात. बदल्यात बाहेरून काय येतं? गाड्या, यंत्रं, औषधं, कपडे, मोबाइल आणि ताटातलं बहुतेक अन्न. २००९ पासून तर हा देश विजेसाठी द्रवरूप नैसर्गिक वायूही आयात करतो. पायाखाली बुरगानसारखं अवाढव्य तेलक्षेत्र आणि उन्हाळ्यात एसी चालावेत म्हणून जहाजाने आणलेला गॅस! तेलाची जहाजं बाहेर जातात तीही एकाच वाटेने, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. भाव जागतिक बाजार ठरवतो. गिऱ्हाईक चीन, दक्षिण कोरिया, जपान आणि भारत. ज्याला ‘कुणाची गरज नाही’ म्हणता, त्या देशाला खरं तर सगळ्यांचीच गरज आहे.

‘मुसलमानांना दिलं’ हेही तपासून घ्या. तेल नॉर्वेकडे आहे, व्हेनेझुएलाकडे आहे. कोट्यवधी मुसलमान मात्र अशा देशांत राहतात जिथे तेल जवळपास नाहीच. कुवेतमध्ये तेल शोधण्याचा परवाना १९३४ साली एका ब्रिटिश-अमेरिकी कंपनीला मिळाला. तेल १९३८ मध्ये सापडलं, पहिलं जहाज १९४६ मध्ये भरलं आणि कंपनीची पूर्ण मालकी कुवेत सरकारकडे आली ती १९७५ मध्ये. इतकी वर्षं त्या नेमतीत परक्यांचा वाटा होता.

कुवेतचा अभिमानच बाळगायचा असेल तर तेलाआधीच्या कुवेतचा बाळगा. तिथे प्यायचं पाणीसुद्धा शत्त-अल-अरबमधून होड्यांनी आणावं लागे. तरीही मलबारच्या सागवानाची जहाजं बांधून ती माणसं बसऱ्याचा खजूर हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आणत, आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकत. १९६१ पर्यंत तिथे चलन रुपयाच होता. हा व्यापार हुनराचा होता. त्यातही मोत्यावरचं अवलंबन भोवलं. जपानचे संवर्धित मोती आले, जागतिक मंदी आली आणि १९३० च्या दशकात तो धंदा बसला. एका मालावर घर चालवलं की काय होतं, हे कुवेतने तेलाआधीच पाहिलं होतं.

म्हणूनच तिथले राज्यकर्ते आपल्याइतके भाबडे नव्हते. १९५३ मध्ये त्यांनी लंडनमध्ये गुंतवणूक मंडळ उभं केलं. १९७६ मध्ये सरकारी उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला काढायचा कायदा केला. हजरत युसुफ यांनी सुकाळात धान्य साठवायला सांगितलं, तोच हा शहाणपणा. १९९० मध्ये इराकने देश गिळला, तेलाची निर्यात थांबली, तेव्हा परदेशातल्या याच पैशावर परागंदा सरकार तगलं. पण २०२० मध्ये तेलाचा भाव कोसळला आणि अर्थमंत्र्यांना संसदेत सांगावं लागलं की पगारापुरती रोकड ऑक्टोबरनंतर उरणार नाही. त्याच वर्षी तो दहावा हिस्सा फक्त शिलकीच्या वर्षी काढायचा, अशी सूट घेतली गेली. असे प्रश्न विचारणारी संसदही २०२४ मध्ये अमीरांनी बरखास्त केली.

कुवेत आणखी एक गोष्ट आयात करतो, ती मालाच्या यादीत दिसत नाही. ती म्हणजे माणसं. तिथल्या लोकसंख्येत साधारण दोन तृतीयांश परदेशी आहेत, त्यात सुमारे १० लाख भारतीय. कफाला पद्धतीत कामगाराचं तिथलं राहणं मालकाच्या हाती असतं, मग तो कामगार मुसलमान असो वा नसो. १२ जून २०२४ रोजी मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. चाळीसहून अधिक भारतीय गेले. ‘उम्मत’ म्हणून दिनारचा गर्व मिरवणाऱ्यांनी त्या इमारतीबद्दल किती रील्स केल्या?

आता कोकणात या. रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी मुस्लिम गावांचा व्यापार कुवेतसारखाच आहे. आपलाही निर्यातीचा माल एकच, विशीतला मुलगा. आणि तिकडून आलेल्या पैशात आपण बाकी सगळं विकत घेतो. फरक एवढाच की कुवेतने निदान दहावा हिस्सा राखला. आपण बंगले बांधले आणि त्यांना कुलपं लावली.

आखातात जाऊ नका, असं मी म्हणत नाही. रिझ्क जिथे आहे तिथे माणूस जाणारच. पण हातात हुनर घेऊन जा, करारातली प्रत्येक ओळ वाचून जा. आलेल्या पैशातला दहावा हिस्सा शिक्षणासाठी काढा, आणि त्यात बहिणीचं शिक्षण आधी धरा. जमाअतच्या बैठकीत मस्जिदीच्या रंगकामाबरोबर हाही विषय घ्या. तेल कुवेतने बनवलेलं नाही, ते त्याला सापडलं. आपल्याला तर तेही सापडलेलं नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या विहिरीवर फुशारक्या मारणं आपल्याला परवडणारं नाही.