पंचावन्न इंचांचा मोह

स्वस्तातला मोठा टीव्ही घ्यावा की नाही, हा प्रश्न सध्या अनेक घरांत चर्चेला आहे. त्याला निमित्तही तसेच घडले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी पंचवीस हजारांचा असलेला टीव्ही पूर्वी बत्तीस हजारांना पडायचा, तो साडेएकोणतीस हजारांना पडू लागला. वाचतात अडीच हजारच, पण 'तिसाच्या आत पंचावन्न इंच' हे शब्द कानाला फार गोड लागतात. बाजाराला तेवढे पुरते.

माझ्यापुरता हा प्रश्न धारवाडहून आला. तिथे सप्तापुरात माझी मावशी राहते. मूळची फोंड्याकडची, लग्न होऊन तिकडे गेली त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. यजमान गेले, मुलगा बंगळूरला, मुलगी त्याहून लांब. सप्तापूर म्हणजे आता स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसचा भाग. गल्लोगल्ली फलक, अभ्यासिका आणि भाड्याच्या खोल्या. मावशीच्या माडीवरही चार मुले राहतात, तिला 'अज्जी' म्हणतात. तिने निवृत्तिवेतनातून तीस हजार बाजूला ठेवले आहेत. मुलाचे म्हणणे, "आई, ऑनलाइन सेलमध्ये पंचावन्न इंची मागवतो, एकदाच घे आणि मोठाच घे." मावशी मला म्हणाली, "तू बघून सांग. मोठा घेतला तर माडीवरची पोरंसुद्धा मॅचला खाली येतील."

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे. त्याकडे पुढे वळूच. आधी टीव्हीकडे पाहू.

इंच हे कर्णाचे माप, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याने क्षेत्रफळ किती वाढते हे सहसा कोणी मोजत नाही. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो, ५५ इंची १२२ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट. फरक बारा इंचांचा वाटतो, पण पडद्याचे क्षेत्रफळ चौसष्ट टक्क्यांनी वाढते. एवढा पडदा जवळपास त्याच पैशांत मिळत असेल तर ते पैसे कुठून तरी कापलेले असणार. कापाकापी कुठे होते, ते पडद्याकडे पाहून कळत नाही.

ती होते प्रकाशात. या किमतीच्या टीव्हीवर 'एचडीआर' असे लिहिलेले असते. तसली चित्रे तयार करताना हजार निट्सची उजळी गृहीत धरलेली असते आणि या पडद्यांची धाव बहुधा अडीचशे-तीनशेच्या घरात संपते. ती होते मेंदूत. रॅम एक-दोन जीबीची असते, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी रिमोट दाबल्यावर टीव्ही विचारात पडतो. (यावर उपाय मात्र सोपा आहे. टीव्ही न बदलता मागे एक स्ट्रीमिंग स्टिक खोचावी.) आणि सगळ्यात जास्त कापाकापी होते आवाजात. पडदा जितका पातळ, तितका आत स्पीकरला जागा कमी. ते बारके स्पीकर तोंड खाली किंवा मागे करून बसवलेले असतात. आवाज आपल्याकडे न येता आधी भिंतीकडे जातो.

नावाचीही एक गंमत आहे. आपल्या पिढीला कोडॅक म्हटले की फिल्मचा पिवळा डबा आठवतो. गेल्या दहाएक वर्षांत भारतात कोडॅक, थॉमसन आणि ब्लॉपुंक्ट या तिन्ही नावांचे टीव्ही आले, ते सुपर प्लास्ट्रॉनिक्स या एकाच भारतीय कंपनीने परवाना घेऊन बनवलेले. यात लबाडी काही नाही, धंद्याची ती रीतच आहे. पण जुन्या नावावरच्या भरवशाने कोणी टीव्ही घेत असेल तर त्याने भरवसा कशावर ठेवायचा ते नीट पाहावे. धारवाडात राहणाऱ्याने विचारायचा प्रश्न एकच. बिघडला तर हुबळीहून माणूस येतो का, आणि किती दिवसांत? पॅनेल गेले तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जातो. वॉरंटी बहुधा वर्षाची. सत्तरी ओलांडलेल्या बाईने चार फुटांचे खोके रिक्षात घालून वीस किलोमीटर न्यायचे का?

मग मी मावशीचा हॉल मोजला. दहा बाय बारा. तिची वेताची खुर्ची भिंतीपासून आठ फुटांवर. पडदा डोळ्यांसमोर तीस अंशांचा कोन व्यापत असेल तर बघायला बरे, असा एक जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ५५ इंचांसाठी साडेसात फूट हवेत, ४३ साठी सहा. म्हणजे मोजपट्टीने कौल पंचावन्नच्या बाजूने दिला! मावशीच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. मोठी अक्षरे तिला हवीच आहेत. तेव्हा 'म्हाताऱ्या माणसाला कशाला एवढा मोठा टीव्ही' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मोठ्या पडद्याची सगळ्यात जास्त गरज म्हाताऱ्या माणसालाच असते.

पण खुर्ची दोन फूट पुढे ओढायला पैसे पडत नाहीत. सहा फुटांवरून ४३ इंची पडदा डोळ्यांना तेवढाच मोठा दिसतो, जेवढा साडेसात-आठ फुटांवरून ५५ इंची. एकट्या माणसाच्या हॉलमध्ये हे सहज जमते.

आता ती पाहते काय? सकाळी चंदनवरच्या कन्नड बातम्या, संध्याकाळी सह्याद्री आणि एक-दोन मराठी मालिका. तिच्याकडे दूरदर्शनची मोफत डिश आणि एक स्वस्तातले पॅकेज, दोन्ही आहेत. मोफत डिशवरच्या बहुतेक वाहिन्या साध्या, म्हणजे एसडी दर्जाच्या असतात. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजार ठिपके. फोरके पडद्यावर ८३ लाखांच्या आसपास. बरोबर वीसपट. येणाऱ्या एका ठिपक्याचे वीस ठिपके टीव्हीला आपल्या मनाने करायचे असतात आणि स्वस्त टीव्हीची कल्पनाशक्ती तोकडी असते. निवेदिकेचा चेहरा मेणाचा दिसतो, साडीची काठपदरे विरघळतात. पडदा जितका मोठा तितके हे जास्त उघडे पडते. दुकानात मात्र फोरकेमधले पोपट आणि धबधबे चालू असतात, रंग भडक करून. त्या पोपटांना भुलून कितीतरी जण टीव्ही घेतात आणि घरी येऊन त्यावर बातम्या बघतात.

विजेचेही बोलून टाकतो. ५५ इंची टीव्ही १२० वॅट धरला आणि रोज पाच तास चालवला तर महिन्याला अठरा युनिट होतात. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत दोनशे युनिटांपर्यंत वीज फुकट म्हणतात, पण घराच्या आधीच्या सरासरी वापराहून थोडीशीच जास्त, एवढीच त्यातली खरी सूट. एकट्या बाईचे घर, वापर मुळातच कमी. वरची युनिटे बिलात येणार. रक्कम मोठी नाही, पण हिशेबात धरावी.

हे सगळे तांत्रिक झाले. माझे खरे म्हणणे पुढेच आहे.

धारवाड हे ऐकणाऱ्यांचे गाव आहे. आकाशवाणीचे केंद्र तिथे १९५० साली आले. मल्लिकार्जुन मन्सूर त्या केंद्राचे संगीत सल्लागार होते. बसवराज राजगुरू तिथलेच, गंगूबाई हनगल शेजारच्या हुबळीच्या. आम्हा गोवेकरांना तर हे गाव परके वाटायचे कारणच नाही. आमच्या केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या, मन्सूर त्यांच्या मुलांकडे, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे. गायकी एकाच घरची. मावशीने फोंड्याहून धारवाडला जाताना घर बदलले, घराणे नाही, असे तिचे यजमान गमतीने म्हणायचे.

मावशी रात्री जेवणानंतर यूट्यूबवर काय लावते? दूरदर्शनच्या जुन्या मैफली. या मैफलींचे चित्र चार बाय तीनच्या चौकटीतले. ५५ इंची पडद्यावर ते लावले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि पाव पडदा रिकामा राहतो. पैसे त्या काळ्या पट्ट्यांचेही मोजलेले असतात. आणि आवाज? काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज १३८-१३९ हर्ट्झचा. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सत्तरच्या जवळ. पातळ टीव्हीच्या बारक्या स्पीकरना इतक्या खालचा आवाज पेलत नाही. तबल्याची टिकटिक ऐकू येते, डग्ग्याची घुमार जाते. तंबोरा डासासारखा गुणगुणतो. चार फुटी पडद्यावर गवयाच्या कपाळावरचा घाम दिसावा आणि खर्ज ऐकू येऊ नये, हा सौदा धारवाडच्या घराला शोभत नाही.

म्हणून मी मावशीला सांगितले ते असे. पंचावन्न घेऊ नकोस. त्रेचाळीसच घे, पण त्या मापातला जरा बरा घे, ज्याचा माणूस हुबळीहून येतो असा. बावीस-तेवीस हजारांत भागेल. उरलेल्या सहा-सात हजारांचे वेगळे स्पीकर घे. टीव्ही पाच-सहा वर्षांनी म्हातारा होईल, स्पीकर राहतील, पुढच्या टीव्हीलाही लावता येतील.

"आणि पोरं?" तिने विचारले.

इथे आलो आपण तिच्या त्या वाक्यावर. टीव्ही आपल्या देशात आला तोच मुळी चारचौघांत बसून पाहायचा म्हणून. १९७५-७६ मध्ये 'साइट' नावाचा जो उपग्रह प्रयोग झाला, त्यात कर्नाटकासह सहा राज्यांतल्या २,४०० गावांत टीव्ही ठेवले गेले, ते गावाला मिळून एक. पुढे १९८७-८८ मध्ये 'रामायण' लागायचे तेव्हा आमच्या गावात टीव्ही असलेल्या घराच्या पडवीत चपलांचा ढीग असायचा. आज सप्तापुरात प्रत्येक खोलीत प्रत्येकाच्या हातात सहा इंचांचा पडदा आहे. मुले परीक्षेची व्याख्यानेही त्यावरच ऐकतात, कानात बोंडे घालून. अशा वेळी घरात सगळ्यांनी मिळून पाहायचा एक पडदा असावा, असे मावशीला वाटते. ही इच्छा मला त्या टीव्हीच्या किमतीहून मोठी वाटते. तिला हसणारे हसोत.

मोठ्या टीव्हीच्या बाजूने याहून चांगला मुद्दा मला सुचत नाही. जिथे रोज सात-आठ माणसे समोर बसतात, काही दहा-बारा फुटांवर, काही कडेला, तिथे पंचावन्न इंचच घ्यावेत, स्वस्तातले असले तरी. मात्र कडेने पाहून घ्यावे, कारण काही पॅनेलवर बाजूने बसणाऱ्याला रंग फिके दिसतात. खेळ एचडीत येतो, तिथे ठिपक्यांची तक्रारही उरत नाही. एकत्र कुटुंब, वसतिगृह, क्लब यांना माझा सल्ला लागू नाही.

पण चार पोरे महिन्यातून दोनदा मॅचला येणार असतील तर त्यासाठी रोजचा आवाज विकू नये. ती बारा इंचांसाठी येत नाहीत. 'अज्जी'ने हाक मारली आणि चहा ठेवला तर सतरंजीवर दाटीवाटीने बसून त्रेचाळीसवरही षटकार मोजतील. आणि हाक मारलीच नाही तर पासष्ट इंचांचा टीव्हीसुद्धा तिने एकटीनेच पाहायचा.

मावशीने हे ऐकून घेतले. मुलाशी बोलते म्हणाली. तिचे पैसे, तिचे घर. ती ठरवील ते खरे.

तुमच्याकडेही हा विषय निघाला असेल तर एक करा. दुकानात जाताना तुमच्या घरी रोज जे लागते त्यातले काहीतरी पेनड्राइव्हवर घेऊन जा. पोपट आणि धबधबे बंद करायला सांगा. आधी ते लावून दोन मिनिटे डोळे मिटून ऐका. आवाज पटला तर डोळे उघडून चित्र पाहा. इंच सगळ्यात शेवटी विचारा.