गलोल आणि छऱ्याची बंदूक

वांगणी मागे टाकून कर्जतची लोकल शेलूला येते, तेव्हा डब्यात फारशी गर्दी उरलेली नसते. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला माथेरानचा डोंगर आणि मधल्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत उगवलेली फार्महाऊसे. त्यांतले एक माझ्या जुन्या स्नेह्याचे. गेल्या हिवाळ्यात तिथे दोन दिवस मुक्कामाला होतो. सकाळी ओट्यावर चहा घेत बसलो असताना त्याचा बारा वर्षांचा नातू छऱ्याची बंदूक घेऊन आला. आधी त्याने कुंपणावर मांडलेल्या बाटल्या फोडल्या. मग आंब्यावर बसलेला होला पाडला. आजोबांनी कौतुकाने पाठ थोपटली. मी कप खाली ठेवला, पण बोललो काही नाही. पाहुण्याने यजमानाच्या नातवाला काय सांगायचे? त्या न बोलण्याची रुखरुख लागून राहिली, म्हणून हा लेख.

रुखरुखीला आणखी एक कारण आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी याच भागातल्या एका बँकेच्या शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटायला वाडीवाडीवर हिंडावे लागे. एका कातकरी म्हाताऱ्याचा जाळ्यासाठी अर्ज होता. फॉर्मात मालमत्तेचा रकाना होता. "बाबा, घरात काय काय आहे?" मी विचारले. तो म्हणाला, "जाळं हाय, फाटलेलं. कोयता हाय. गलोल हाय." मी जाळे लिहिले, कोयता लिहिला, गलोल गाळली. गुन्ह्याचे हत्यार सरकारी कागदावर कशाला, असा माझा हिशेब. म्हाताऱ्याच्या ते ध्यानात आले असावे. "ती नका लिहू, साहेब," तो हळूच म्हणाला, "खाकीवाले येतील."

आता कायदा काय सांगतो ते पाहू. १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे राखीव जंगलात नियम मोडून शिकार करणे, मासे मारणे, पाण्यात विष कालवणे, फासे लावणे हा गुन्हा आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने ते बंद झाले. या कायद्यातली शिकारीची व्याख्या मोठी व्यापक आहे. मारणे, पकडणे, सापळा लावणे, इतकेच काय, तसा प्रयत्न करणे आणि पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणे, हे सगळे तिच्यात बसते. शिवाय ही बंदी जंगलापुरती नाही. स्वतःच्या मालकीच्या आंब्यावर बसलेला होला मालकाचा होत नाही. या गुन्ह्याला सातबारा विचारला जात नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या प्रकरणातही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

म्हणजे कायद्याच्या दारात गलोल आणि छऱ्याची बंदूक सारखीच. खाकी गणवेश दिसताच पळतो तो मात्र गलोलवाला. छऱ्याच्या बंदुकीला, ती ठरावीक ताकदीच्या आतली असेल तर, परवानाही लागत नाही. ती वाढदिवसाची भेट म्हणून येते. कातकऱ्याचे पोर पाखरू मारते ते संध्याकाळच्या कालवणासाठी. फार्महाऊसवरचे पोर मारते ते सुट्टी जात नाही म्हणून. पाखराच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, हे मी नाकारत नाही. पण पाठ थोपटणारे हात आणि मानगूट धरणारे हात वेगवेगळ्या अंगणांत का दिसतात, हा प्रश्न उरतोच.

जंगल कोणाचे, हा वाद या जिल्ह्याला नवा नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यात प्राण गेलेल्यांमध्ये नाग्या महादू कातकरी होता. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना बरेच परत दिले, पण एक रेघ स्पष्ट ओढली. मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नावरचा सामुदायिक हक्क मान्य केला. शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र वगळला. मला ही रेघ योग्य वाटते. ससे, घोरपडी, रानकोंबडे आता इतके उरलेले नाहीत की कोणाच्याही ताटात वाढता येतील. पण मग माशांचा जो हक्क दिला, तो तरी पुरता मिळायला हवा.

उल्हास नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, याचे एक कारण भिवपुरीचे टाटांचे वीजघर. १९२२ पासून तिथले वीज करून सुटलेले पाणी नदीला मिळते. खोपोलीच्या वीजघराचे पाणी तसेच खालापूरच्या पाताळगंगेला. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात. तीच आपली वल्गण. वाडीतली बायकापोरे तेव्हा जाळी, टोपल्या घेऊन उतरतात. समुद्रात पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. ओढ्याला कॅलेंडर नाही. तिथली मर्यादा गावाने, ग्रामसभेनेच ठरवायची: कोणता डोह राखायचा, कोणती जाळी वापरायची. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणे तर १८९७ च्या इंग्रजी कायद्यानेच गुन्हा ठरवले होते. वल्गणीच्या चार टोपल्यांपेक्षा विषाचा एक डबा डोहाचे अधिक नुकसान करतो.

कोणी म्हणेल, अमेरिकेत सरकारी जंगलात शिकार चालते, नेमबाजीही चालते, आणि तरी प्राणी टिकून आहेत. खरे आहे. तिथे १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीव रक्षणाकडे वळवला. पण तिथली सरकारी जमीन मैलोन्‌मैल निर्मनुष्य. आपल्या रानात प्रत्येक घळीत कोणीतरी असते. मोळी बांधणारी बाई, गुरे राखणारा पोरगा, करवंदे वेचणारी मुले. २०२५ च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या मागावर गेलेल्या टोळीतल्या एकाच्या गोळीने त्यांचाच सोबती मेला. झुडूप हलले, डुक्कर वाटले. शेतकऱ्याला डुकराचा त्रास होतो, हे खोटे नाही. रात्रभर जागून राखलेला भात सकाळी लोळवलेला पाहिला की भलाभला माणूस बंदुकीची भाषा बोलू लागतो. पण पिकाची नासाडी करणारे डुक्कर मारायची परवानगी कायद्यात मागता येते, भरपाईही मागता येते. ती वेळेवर मिळाली तर चोरून रानात जाण्याचे निम्मे कारण संपेल.

आणि नेमबाजीची हौस? ती जरूर करावी. आपल्याच जिल्ह्यात पनवेलला ऑलिंपिकपटू सुमा शिरूर मुलांना रेंजवर शिकवतात. कोल्हापूरच्या खेड्यातला स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला, तो लक्ष्यावर नेम धरून. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली छऱ्याच्या बंदुका स्वेच्छेने सरकारजमा करण्याची मोहीम निघाली आणि लोकांनी त्या आणून दिल्या.

सालिम अलींची सुरुवातही छऱ्याच्या बंदुकीनेच झाली होती, हे विसरून चालणार नाही. लहानपणी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पुढे १९३० साली आपल्या जिल्ह्यातल्या किहीमला त्यांनी सुगरणीच्या वसाहतीचा अभ्यास केला, तो पाहून-पाहून. फरक पडला तो कुतूहलाने, आणि त्या मुलाला हातातले पाखरू नीट बघायला लावणाऱ्या मोठ्या माणसांनी.

तेवढे काम आपण आजोबा मंडळी करू शकतो. परवा मी स्नेह्याला फोन केला आणि त्या सकाळी जे बोललो नाही ते बोललो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अरे, हा गुन्हा आहे हे मला ठाऊकच नव्हते." मला त्याचे म्हणणे पटले. आपल्याला ते ठाऊक नसते, कारण आपल्याला कोणी कधी विचारत नाही. त्या म्हाताऱ्याला मात्र चाळीस वर्षांपूर्वीही ते पक्के ठाऊक होते.